भिंतीतली पट्टी, रस्त्यावरची झालर

आमच्या आबांना जी गोष्ट रस्त्यावरून दिसत नाही ती असली काय नि नसली काय, सारखीच. याला देवही अपवाद नव्हता. आमचे देव घरात आत कुठंतरी असायचे ते आबांनी ओसरीच्या कोनाड्यात आणून मांडले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला पूजा दिसावी म्हणून. आई म्हणायची, "देवाला तरी थोडा वेळ आत जाऊ द्या." आबांच्या कानावर हे जात नसे. त्यांच्या कानावर काय जायचं नि काय नाही, याचा कारभार त्यांच्याच हाती होता.

हिंगोलीत कचेरीच्या रस्त्यावर आमचं घर. निजामाचं राज्य होतं, सरकारी कामकाज सगळं उर्दूत चालायचं, आणि आबा अर्जनवीस होते. खेड्यापाड्यातून आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकून ते उर्दूत अर्ज लिहून द्यायचे. लोक त्यांना मुन्शीजी म्हणत. सकाळपासून ओसरी माणसांनी भरलेली, पुढ्यात बोरूदौत, आणि आबा मान तिरकी करून विचारतायत, "घटना कधीची? कोणासमक्ष घडली? गवाह कोण?" ही भाषा त्यांच्या तोंडात अशी बसली होती की घरातही सुटत नसे. आईनं मीठ संपलं म्हणून सांगितलं तरी पहिला सवाल असायचा, "कधीपासून?"

घराचा मागचा भाग माळवदाचा होता. मातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर पांढऱ्या मातीचा थर. पुढं ओसरी आणि तिला लागूनच आत एक लांबट अंधारी खोली. या दोन्हींवर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर होतं, मागच्या भिंतीपेक्षा कंबरभर ठेंगणं, तिथून रस्त्याकडे उतरत आलेलं. कवेलू माकडं फोडायची. दर साल नवे घालायचे, दर साल माकडांनी यायचं, असा दोन्ही पक्षांचा शिरस्ता होता. मग एका उन्हाळ्यात जुन्या लष्करी छावणीतल्या एका पडक्या गोदामाचे पत्रे लिलावात निघाले आणि आबांनी ते आणले. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीचे हे दिवस. आमच्या रस्त्यावर पत्र्याचं छप्पर कुणाचंच नव्हतं, आणि आबांना तेवढं कारण पुरे होतं.

मी तेव्हा पहिलटकरीण. माझं सासर हट्टा गावचं. सातव्या महिन्यात मला माहेरी आणली ती नेमकी पत्रे चढत असताना. गाडीतून उतरते तर आबा रस्त्याच्या मधोमध उभे, मान वर. मला म्हणाले, "ये. पाहिलंस का?" मी म्हटलं, "काय?" तर चिडले. लेक दोन जिवांची होऊन दारात आली आहे हे त्यांनी पत्र्यांकडे पुरेसं पाहून झाल्यावर पाहिलं.

पत्रे ठोकायला आलेला मिस्त्री बोलण्यात आबांना भारी होता. एक खिळा ठोकायचा, की एक सलाम ठोकायचा. "असं छप्पर तर हैदराबादेत बी पाहिलं न्हाई, मुन्शीजी," असं तो दिवसातून निदान चारदा म्हणे. तो हैदराबादला कधी गेला होता हे कुणी विचारलं नाही.

पत्रे ठोकून झाले तेव्हा अंगणात एक कोरी पट्टी उरली. वीतभर रुंद, चांगली लांब, मधोमध वाकवलेली. आबांनी विचारलं, "ही कुठं बसणार?"

"मागं, भिंतीत," मिस्त्री म्हणाला. "पत्र्याची वरची कड जिथं भिंतीला भिडते ना, तिथं. अर्धी भिंतीत खाच पाडून घालायची, अर्धी पत्र्यावर उतरू द्यायची. म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी पट्टीवरून पत्र्यावर येतं, न् पत्र्यावरून रस्त्यावर."

"रस्त्यावरून दिसंल?"

"न्हाई जी. चुन्याखाली जाणार ती. कोन्हालाच दिसत न्हाई."

इथं आबांचा चेहरा पडला. एवढी चकचकीत नवी पट्टी, आणि ती चुन्याखाली! त्याआधीच्या हिवाळ्यात ते स्टेशनावर कुणाला तरी पोचवायला गेले होते आणि तिथल्या छपराच्या कडेला झालर पाहून आले होते. कापलेल्या टोकांची, त्रिकोणात्रिकोणांची. ती झालर त्यांच्या डोक्यात तेव्हापासून लोंबत होती. त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, पट्टी सरळ कर, खालून टोकं काप, आणि ओसरीच्या पुढच्या कडेला ठोक.

मिस्त्रीनं एक श्वासही वाया घालवला नाही. "लई शोभंल, मुन्शीजी! सायबाच्या बंगल्याला बी न्हाई अशी." मागच्या फटीचं काय, असं आईनं आतून विचारलं, तर म्हणाला, "ते काय, मातीनं बुजवून टाकू."

आई दारापर्यंत आली. पदर डोक्यावर, आवाज नेहमीचाच हळू. "मागची पट्टी मागंच राहू द्या. पाणी काही रस्त्यावरून घरात येत न्हाई."

"तुला यातलं काय कळतं?" आबा म्हणाले.

आईला काय कळतं हे विचारायची आबांची ही पद्धत होती, आणि उत्तराची ते कधी वाट पाहत नसत. झालर बसली. लोक थांबून पाहायला लागले. नवे तहसीलदार टांग्यातून जाताना मान वर करून पाहत गेले, अशी बातमी आबांनी त्या दिवशी ओसरीवर आलेल्या प्रत्येकाला दिली. एकानं शंका काढली, की साहेब आभाळाकडे पाहत असतील. त्याचा अर्ज आबांनी शेवटी लिहिला.

मागं फटीत पांढरी माती भरली. आमच्याकडे माळवद गळायला लागलं की पांढरी माती टाकायची, हे सगळ्या गावाला ठाऊक असलेलं औषध. तेच पत्र्यालाही दिलं. पण माळवद बिचारं जागेवर पडून असतं. पत्रा दुपारी ताणतो, संध्याकाळी आखडतो, दिवसभर कडकड वाजत राहतो, आणि त्याच्या अंगाला लावलेली माती त्या ओढाताणीत सुटते. महिनाभरात मातीला भेगा गेल्या. त्या वर्षी पावसानं ओढ दिली, आले ते नुसते शिंतोडे, त्यामुळे भेगांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. रस्त्यावरून त्या दिसत नव्हत्या.

श्रावणात मला मुलगी झाली. ओसरीमागच्या त्या अंधाऱ्या खोलीतच माझी बाज टाकलेली होती, कारण बाळंतिणीला वारा लागू नये आणि घरात बिनवाऱ्याची खोली ती एकच. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, दाराला जाड घोंगडी. सुईण अनुभवी होती, तिनं आमच्या गल्लीतली निम्मी माणसं जगात आणली होती आणि त्याचा तिला फारसा अभिमान वाटत नसे. मुलगी चिमणीएवढी होती. "लहान हाय, पर दमदार हाय," सुईण म्हणाली. "फकस्त गारठ्याला जपा. गारठा भरला तर मंग माझ्या हातात काई न्हाई."

नेमकी तिसऱ्या दिवशी झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे पाऊस मोठा नसतो, पण थांबत नाही. मागच्या उंच भिंतीवरून पाणी ओघळू लागलं आणि मातीच्या भेगांतून सरळ माझ्या खोलीत उतरलं. आधी भिंतीवर एक ओला पट्टा आला. मग पत्र्याच्या कडेनं थेंब धरला, सोडला, पुन्हा धरला. दुपारपर्यंत भिंतीलगत धारच लागली. बाज भिंतीकडे ठेवावी तर पाणी, दाराकडे सरकवावी तर वारा. खोली एवढी अरुंद की तिसरी जागाच नव्हती.

आई घोंगडीच्या आडून म्हणाली, "अहो, खोली गळून राहिली."

आबा ओसरीवर होते. ओसरी त्याच छपराखाली, पण रस्त्याच्या बाजूला, ठणठणीत कोरडी. ते म्हणाले, "मी इथं बसलो आहे. मला तर एक थेंब न्हाई लागला."

"इथं येऊन पाहा की."

"सोयरात? पुरुषमाणसानं?"

ही अडचण खरीच होती. दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही. एरवी आबा सोवळ्याओवळ्याचे फार भोक्ते नव्हते. कचेरीत कुणी चहा पुढं केला तर कप कुणाचा हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण त्या दहा दिवसांत त्यांच्याइतका धर्मनिष्ठ माणूस हिंगोलीत नव्हता. त्यांनी स्वतः पाहायचं नाही, आणि पाहिलं ते कुणी? तर मी, आई आणि सुईण. आम्ही तिघी सोयरातल्या. म्हणजे गळतीला लायक असा एकही गवाह उरला नाही.

"बाज थोडी सरकवून पाहा," ते बाहेरून म्हणाले. "पत्र्याला घाम येतो कधी कधी. त्याला गळणं म्हणत न्हाईत."

सुईण मोठ्यानं म्हणाली, "मुन्शीजीला म्हणावं, ह्या घामात एक रात निजून दावा."

आईनं पुन्हा पांढरी माती मागवली. पण पावसात मातीचं काय होणार? चढवलेला गडी खाली उतरेपर्यंत ती त्याच्याआधी पाण्यासोबत खाली आली, माझ्या उशाशी. मग आईनं स्पष्टच सांगितलं. "ती झालर काढा न् मागं बसवा. मिस्त्रीनं सांगितलं होतं तशी."

आबा म्हणाले, "बाळंतिणीच्या डोक्यावर ठोकठाक करणं बराबर न्हाई." हा नियम त्यांनी तिथल्या तिथं तयार केला. "झड थांबू दे. थांबली की पाहू."

"झड थांबल्यावर पट्टीचं काय काम?"

थोड्या वेळानं घोंगडीखालून एक काळी छत्री आत सरकवली गेली. आबांची स्वतःची, चांगल्या मुठीची, कचेरीत जाताना कोरड्या दिवशीही हातात असणारी. तकलीफ होऊ नये म्हणून पाठवली होती. मला हसावं की रडावं कळेना. आईनं ती उघडून बाजेच्या खुराला बांधली. रस्त्यावरून जाणारे लोक आमच्या छपराची झालर पाहत होते, आणि त्याच छपराखाली मी तान्ह्या लेकीला घेऊन छत्रीत पडले होते. छत्रीवरून ओघळणारे थेंब शेगडीत पडत, चर्र होई, खोलीभर धूर आणि दमटपणा. जाड गोधड्या सादळल्या. वाळत घातलेली लंगोटी वाळेना. सगळ्या घराला कुबट वास.

झडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं दूध ओढणं सोडलं. तोंडाशी धरलं तरी ओठ हलवीना. रडतही नव्हती. तिचे तळवे मी हातात घेतले तर गार. छाती घरघरत होती. सुईणीनं तिला उघडं करून आपल्या पोटाशी धरलं, वरून लुगड्याचा पदर गुंडाळला, आणि आईकडे पाहिलं. ती एरवी बोलताना कुणाची भीड ठेवणारी नव्हती, पण आता हळूच म्हणाली, "लेकराला गारठा भरून राहिला, बाई. ही खोली कोरडी व्हाया पायजे. आज."

मला आजही तो "आज" ऐकू येतो. मी फार घाबरले होते. आबांचा मला इतका राग आला की बाळंतीण नसते तर उठून ओसरीवर गेले असते आणि चार माणसांत काय वाटेल ते बोलले असते. पण मला उठून बसायचीही ताकद नव्हती. आईनं घोंगडी बाजूला केली आणि बाहेर गेली.

पुढचं मी पाहिलं नाही. ऐकलं. माझ्या वाट्याला कान तेवढे होते.

अंगणात शिडी ओढल्याचा आवाज आला. शिडी ओसरीच्या पुढच्या कडेला लागली, रस्त्याच्या बाजूनं. मग आबा, "अगं, हे काय करून राहिलीस? लोक आहेत इथं." शिडीची पायरी करकरली. "उतर खाली! दिवसाढवळ्या, रस्त्यात! काही इभ्रत आहे का न्हाई?" दुसरी पायरी. ओसरीवर त्या दिवशी गोरेगावकडचा एक शेतकरी अर्जासाठी ताटकळत बसला होता. तो म्हणाला, "माय, थांबा, शिडी धरतो मी. निसरडी हाय." आबा त्याच्यावर खेकसले, "तुझा अर्ज लिहायचा आहे का न्हाई?" तो म्हणाला, "लिवा की सावकाश. मी कुठं पळून चाललो?"

मग खिळा उपटल्याचा आवाज आला. पत्र्यातून निघणारा खिळा कसा किंचाळतो हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. एक निघाला. दुसरा निघाला. आई कशानं काढत होती कोण जाणे, पण थांबत नव्हती. रस्त्यावर माणसं गोळा झाल्याचं बोलण्यावरून कळत होतं. माझी आई, जी परपुरुषासमोर दारातून पुढं येत नसे, ती भर दिवसा कचेरीच्या रस्त्यावर शिडीवर उभी राहून घराची शोभा उपटत होती. झालर खणखणत खाली पडली. कुणीतरी, बहुधा तोच शेतकरी, ती उचलून मागून माळवदावर चढवली. मग आईची पावलं माळवदावर, माझ्या उशाच्या भिंतीपर्यंत. तिनं खुरप्यानं भिंत कोरायला घेतली. मातीची ढेकळं पत्र्यावर आपटू लागली, तशी सुईण पोटाशी धरलेल्या मुलीला म्हणाली, "आइक, तुही आजी आली."

खरडणं. थांबणं. पट्टी पुन्हा मधोमध वाकवल्याचा, मग पत्रा घासल्याचा आवाज. पट्टीची कोरी कड भिंतीत, कापलेली टोकं खाली पत्र्यावर. खाचेत दगडाच्या चिपा ठोकल्याचे घाव, बेताचे, एकामागून एक, कडेपासून कडेपर्यंत. वरून आई ओरडली, "गं, पाहा, थांबलं का?"

धार थेंबांवर आली होती. मग थेंब लांब लांब पडू लागले. एक लोंबकळत राहिला, पडला, आणि त्याच्यामागून दुसरा आला नाही. बाहेर झड तशीच होती, पत्रा वाजत होता. सुईण ओरडली, "थांबलं, बाई! उतरा आता!"

आई आत आली ती नखशिखांत चिंब, हात चिखलानं भरलेले, अंगठ्यातून रक्त. ओल्यानं मुलीला शिवायचं नाही म्हणून दारातच उभी राहिली. सुईणीनं ओली शेगडी काढून नवे निखारे आणवले, शेजारून कोरड्या गोधड्या मागवल्या. भिंतीची ओल लगेच गेली नाही, पण वरून पाणी यायचं थांबल्यावर निखाऱ्यांचं काही चालू लागलं. दिवस कलता कलता मुलीचे पाय कोमट झाले. मग ती रडली. रडण्याचा आवाज ओसरीपर्यंत गेला असावा, कारण तिथलं बोलणं थांबलं.

त्यानंतर आबांनी काय केलं? उघडिपीत त्या मिस्त्रीला बोलावून पट्टीला चुना करून घेतला. मिस्त्री म्हणाला, "अशी पट्टी तर हैदराबादेत बी पाहिली न्हाई, मुन्शीजी." आणि ओसरीवर येणाऱ्याला आबा सांगू लागले, की पट्टी मागं बसवायची हे त्यांच्या मनात आधीपासूनच होतं, झालर ही नुसती तात्पुरती योजना. ऐकणारे मान हलवत. त्यातल्या अर्ध्यांनी आईला शिडीवर पाहिलं होतं, पण त्यांनाही अर्ज लिहून घ्यायचे होते.

सोयर फिटलं, बारसं झालं. मुलगी दूध पिऊ लागली होती, अंगावर थोडं मांसही धरत होती. पुढच्या झडीला आबा पहिल्यांदाच माझ्या खोलीत आले. दारात अडखळले, मग बाजेच्या कडेला बसले. त्यांनी वर पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. बाहेर पाऊस तसाच लागून राहिला होता. जिथून धार लागायची तिथं त्यांनी उजवा हात पुढं केला, तळवा वर करून, आणि तसाच धरून बसले. बराच वेळ. हातावर काही पडलं नाही.

"पाहा," ते आईला म्हणाले, आणि आवाजात चांगलाच रुबाब होता. "एक थेंब न्हाई."

आई मुलीला माझ्याकडून घेत होती. ती वळली नाही. म्हणाली, "हाच हात त्या दिवशी घोंगडीतून आत घातला असता, तर तुमच्या नातीचे पाय किती गार पडले ते तुमाला कळलं असतं."

आबांचा हात तसाच राहिला, कोरडा, हवेत. कधीपासून, कोणासमक्ष, काही विचारलं नाही. आईनं मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली तेव्हा त्यांनी तो खाली आणला, दुपट्याची कड उचलली आणि मुलीचा पाय मुठीत धरला. मुठीत तो पुरता बुडून गेला. बाहेरून कुणीतरी "मुन्शीजी" म्हणून हाक मारत होतं. त्यांनी ओ दिली नाही.